पाणबुडीला भोक पाडण्याआधी

तुझं ड्रॉइंग काल जेवणं उरकल्यावर शांतपणे उघडून बघितलं गं. शेलची जाडी, आतल्या रिंगांमधलं अंतर, दोन्ही डिश एंड, सगळं व्यवस्थित आहे. अंबरनाथच्या एमआयडीसीत उन्हात उभी राहून तू तो पत्रा रोल करून घेतलास, चारही बाजूंनी गोलाई मोजलीस, त्याचं चीज झालंय. तुझी झोप उडवलीय ती भोकांनी. हॅच एक, खिडक्या चार, प्रॉपेलरचा शाफ्ट, सुकाणूचा दांडा, हवेचे पाइप दोन, बॅलास्टचे दोन आणि वायरी सहा. सतरा झाली बघ. आणि खाली पेन्सिलीने लिहिलंयस, 'ताई, हे मला झेपणार नाही बहुतेक.'

झेपेल. डोंबिवलीत केमिकल कंपन्यांच्या रिअ‍ॅक्टरांची ड्रॉइंगं काढण्यात माझी उमर गेली, आणि रिअ‍ॅक्टरच्या डोक्यावर तुझ्या पाणबुडीपेक्षा जास्त नोझल असतात. फरक एवढाच, की तिथे दाब बहुतेक आतून असतो आणि तुझ्याकडे तो बाहेरून येणार. हा फरक एकदा डोक्यात पक्का बसला की निम्मी ड्रॉइंगं आपोआप सुटतात.

आधी दाब समजून घे. दर दहा मीटर खोलीला चौरस सेंटिमीटरमागे साधारण एक किलो. तू पन्नास मीटर धरलेत, म्हणजे वर्कशॉपच्या भाषेत पाच किलो प्रेशर. ऐकायला किती किरकोळ! पण तुझ्या हॅचचा व्यास साठ सेंटिमीटर आहे ना, त्याचं क्षेत्रफळ काढ. अठ्ठावीसशे चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणजे पन्नास मीटरवर त्या झाकणावर चौदा टन बसले. वीस सेंटिमीटरच्या एका खिडकीवर दीड टन. आता बोल, हे वजन बोल्टांनी अडवणार आहेस का?

आपल्या हॉकिन्सच्या कुकरचं झाकण कसं आतून बसतं आठव. वाफ जितकी वाढेल तितकं ते काठाला घट्ट चिकटतं, हँडल फक्त सुरुवातीला धरून ठेवायला. तुझ्या पाणबुडीत तेच उलटं कर. प्रत्येक वस्तू बाहेरून बसली पाहिजे, तिचा खांदा बाहेर राहिला पाहिजे आणि पाण्याने ती आपल्या सीटवर दाबली गेली पाहिजे. हॅच बाहेरून, खिडकी बाहेरून, वायरीची ग्लँडसुद्धा बाहेरून. आतले नट-बोल्ट फक्त पाणबुडी पृष्ठभागावर असताना ती वस्तू जागेवर राहावी यासाठी. तुझ्या ड्रॉइंगमध्ये दोन खिडक्या आतून बसवून बाहेरच्या दाबाविरुद्ध बारा बोल्टांवर टांगल्या आहेत. त्या आजच्या आज बदल. यावर मी ऐकून घेणार नाही.

हॅचबद्दल आणखी एक, कारण हे कुणी सांगत नाही. खोलवर गेल्यावर हॅच गळत नाही गं, पाणीच तिला दाबून ठेवतं. ती गळते वर, लाटांमध्ये, जिथे दाब जवळजवळ नसतो आणि ओ-रिंग नुसती टेकलेली असते. म्हणून आतून ओढून धरणाऱ्या कड्या हव्यातच. आणि याची दुसरी बाजू बघ. पाणबुडी फक्त एक मीटर पाण्याखाली अडकली, तरी त्या झाकणावर दोनशे ऐंशी किलो वजन असतं. तू खांदा लावून ढकललंस तरी ते तसूभर हलणार नाही. तेव्हा आतून पाणी किंवा हवा आत घेऊन दाब सारखा करता येईल असा व्हॉल्व्ह पाहिजे, हात पोचेल अशा जागी, अंधारातही चाचपडून सापडेल असा. हवेचा सिलिंडर आत सुटून आतलाच दाब वाढला असेल तर वर आल्यावर कडी सोडताक्षणी झाकण उडतं, त्यालाही हाच व्हॉल्व्ह. आधी तो उघडायचा, मग कडी.

आता ती सतरा भोकं. खरं सांगू का, तुला सतरा लागतच नाहीत. प्रॉपेलरचा शाफ्ट आत आणायचा हट्ट का धरलायस? फिरणारा शाफ्ट सील करणं सगळ्यात नाजूक काम. घट्ट केलं तर तापतं, सैल केलं तर गळतं, आणि पंचवीस मिलिमीटरचा शाफ्ट पन्नास मीटरवर पंचवीस किलोच्या जोराने आत ढकलला जातो तो वेगळाच, त्यासाठी थ्रस्ट कॉलर लाव. त्यापेक्षा मोटारच बाहेर ठेव, तिच्या डब्यात तेल भर, बाहेरच्या पाण्याचा दाब त्या तेलाला लागू दे. मग आत यायला उरते फक्त वायर. सुकाणूचंही तसंच, बाहेर लहान मोटार. खिडक्या चारच्या दोन कर, एक समोर, एक खाली बघायला. हॅचच्या मानेभोवतीही वर बघायला बारीक खिडक्या नकोत, आधी या दोन नीट होऊ देत. आणि उरलेल्या सगळ्या वायरी एका जाड ब्लाइंड फ्लँजमधून आण. शेलला भोक एक, त्यावर थाळी एक, थाळीत हव्या तितक्या ग्लँड. उद्या एखादा दिवा वाढवावासा वाटला तर थाळी सोडून लेथवर न्यायची, शेलला हात लावायचा नाही. आज ज्या जागा रिकाम्या आहेत त्यांना प्लग मारून ठेव.

शेल कापताना मात्र हात थरथरू दे जरा, कारण तिथे चूक पुसता येत नाही. बाहेरच्या दाबाखाली नळकांडं फाटून मरत नाही, ते कुठेतरी आत बसतं आणि मग क्षणात चेपतं. भोक म्हणजे त्या गोलाईतला कच्चा भाग. जितकं लोखंड कापून काढलंस तितकं त्या भोकाच्या काठालाच परत द्यायचं. रिअ‍ॅक्टरला आम्ही बाहेरून पॅड मारतो, त्याला बारीक टेल-टेल होल ठेवतो म्हणजे आतला वेल्ड गळला तर कळतं. तुझ्यासाठी पॅड नको. पॅड आणि शेलमध्ये फट राहते आणि तिथे पाणी बसून गंज धरतो. जाड गोल रिंग घे, शेलच्या जाडीत बसव आणि आरपार वेल्ड करून घे, दोन्ही बाजूंनी. लाँग सीमवर भोक नको, दोन भोकं एकमेकांच्या कुशीत नकोत, आणि आतल्या रिंग-फ्रेमला भोकासाठी चावा घेऊ नकोस, भोकच सरकव.

आणि क्रम बघ, इथेच सगळे घाई करतात. वेल्डिंगने लोखंड ओढलं जातं. लेथवर आरशासारखी सीट फिरवून आणलेली रिंग शेलला वेल्ड केलीस की ती बशीसारखी वाकते, डोळ्यांना दिसत नाही, पण ओ-रिंगला बरोबर कळतं. म्हणून रिंग कच्ची ठेव, दोन-तीन मिलिमीटर जास्त माल ठेव, आधी वेल्ड करून घे, थोडं थोडं समोरासमोर, वेल्डरला घाई करू देऊ नकोस. मग डीपी टेस्ट, लाल रंग मारून, पुसून, पांढरी पावडर मारायची ती. मग शेवटचा कट. त्यासाठी अख्खं शेल व्हीटीएलवर, म्हणजे मोठ्या उभ्या लेथवर, चढवावं लागलं तरी चालेल, भाडं जाईल, जाऊ दे. सीटचा माल एसएस ३१६ घे. ३०४ खाऱ्या पाण्यात ओ-रिंगच्या खाचेत, जिथे हवा पोचत नाही, नेमकं तिथेच खड्डे पाडून घेतं. एमएसच्या शेलला एसएस जोडायला ३०९ रॉड वापरायला सांग, वेल्डरला माहीत असतं, पण तू विचारलंस की तो जपून करतो. दोन धातू खाऱ्या पाण्यात जवळ आले की शेल गंजायला लागणार, तेव्हा बाहेर झिंकचे तुकडे लाव.

ओ-रिंगला कमी लेखू नकोस. लोकलने मस्जिदला उतर, नागदेवी स्ट्रीटला जा, आणि साइज लिहिलेला कागद पुढे कर. दुकानदार 'हीच बसेल' म्हणून जवळपासची देतो. ती घ्यायची नाही. खाच ओ-रिंगच्या मापाने काढतात, ओ-रिंग खाचेच्या मापाने शोधत बसायची नसते. नायट्रिल, सत्तर शोअर, आणि बसल्यावर तिची जाडी वीस-पंचवीस टक्के दबली पाहिजे. दबून पसरायला खाचेत जागाही हवी, नाहीतर रबर कुठे जाणार? सीटवर नख फिरवून बघ. लेथच्या रेघा ओ-रिंगच्या दिशेने गोल गेलेल्या असतील तर एक वेळ चालतात. पण आतून बाहेर जाणारा एक आडवा ओरखडा असला, केसाएवढा, की पाण्याला रस्ता मिळाला. केसावरून आठवलं, बसवताना केस बांधून घे आणि ओढणी लांब ठेव. वर्कशॉपमध्ये सगळे कॉटन वेस्टने पुसतात आणि त्याचा एक धागा ओ-रिंगखाली आडवा राहिला की तोच वातीसारखं पाणी आत आणतो. जुना धुतलेला सुती गंजीफ्रॉकही नको. टिश्यूही नको. धागे न सोडणारं कापड घे, मग बोटाने सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात. थापायचं नाही.

वायरींकडे ये. बाजारात आयपी ६८ लिहिलेल्या ग्लँड मिळतात, स्वस्त आणि सुबक. त्या घेऊ नकोस. त्या केबलच्या बाहेरच्या प्लास्टिकला आवळतात, दाबाखाली ते प्लास्टिक हळूहळू सरकतं. आणि याहून मोठी भानगड म्हणजे पाणी केबलच्या आतून येतं. बाहेर कुठे केबलला चीर गेली, की पाणी तांब्याच्या तारांमधल्या फटीतून पाच किलोच्या दाबाने चालत चालत थेट तुझ्या स्विचबोर्डपर्यंत. बाहेरून ग्लँड अगदी कोरडी दिसेल. म्हणून तारांची साखळी तोडायची. पितळी बॉडी घे, आतलं भोक बाहेरच्या बाजूला रुंद आणि आत अरुंद ठेव, मधून तांब्याची भरीव सळई घाल आणि इपॉक्सी ओत. बाहेरची वायर सळईच्या बाहेरच्या टोकाला झाळायची, आतली आतल्या टोकाला. पाणी तारांमधून आलं तरी भरीव तांब्यापाशी थांबतं आणि इपॉक्सीचा खुंटा दाबाने आणखी घट्ट बसतो. ओतण्याआधी पितळ एमरीने खरवडून अ‍ॅसिटोनने पूस, इपॉक्सी हळू ढवळ, बुडबुडे निघू दे. या कामाला दुपारचा निवांत वेळ हवा, घाईत होत नाही. आणि बॅटरीचं निगेटिव्ह शेलला जोडू नकोस गं, गाड्यांमध्ये जोडतात तसं. विजेने शेल खाल्लं जाईल.

खिडकीला काच नकोच, अ‍ॅक्रिलिक. कास्ट शीट, एक्स्ट्रूड केलेलं नाही. कडा उतरत्या, शंकूसारख्या, रुंद तोंड पाण्याकडे, बूच बसतं तशी आत रुतत जाणारी. हा शंकू ऑग्युस्त पिकारने आपल्या बॅथिस्केफला बसवला होता, आणि १९६० च्या जानेवारीत त्याने बनवलेली बॅथिस्केफ 'ट्रिएस्ट' तसल्याच खिडकीतून जगातल्या सर्वांत खोल दरीचा तळ बघून वर आली. अ‍ॅक्रिलिकला बोल्टसाठी भोकं पाडायची नाहीत, तिथूनच तडे जातात. वरून एक रिंग लाव, हलक्या हाताने, मध्ये रबर ठेवून. आणि घरातला काच पुसायचा निळा स्प्रे, स्पिरिट, अ‍ॅसिटोन यातलं काहीही तिच्या जवळ येऊ देऊ नकोस, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटतात. साबणाचं पाणी, बस्स. तिच्यावर तारीख लिही, अशा खिडक्यांच्या अमेरिकन कोडमध्ये दहा वर्षांचं आयुष्य धरतात.

पाण्याच्या पाइपांबद्दल मी जरा हट्टी आहे. एक सेंटिमीटरचं भोक पन्नास मीटरवर उघडं राहिलं तर मिनिटाला ऐंशी-नव्वद लिटर पाणी आत येतं. आंघोळीची वीस लिटरची बादली पंधरा सेकंदांत भरते म्हण. म्हणून समुद्राला उघडणाऱ्या प्रत्येक पाइपाला शेलला लागूनच बॉल व्हॉल्व्ह, आणि त्याच्या मागे आणखी एक. पाइप वळवून सीटखाली नेऊन मग व्हॉल्व्ह लावणं चालणार नाही, मधला तुकडाच फुटला तर बंद काय करशील? पातळ शेलला थेट आटे पाडायचे नाहीत, कपलिंग वेल्ड करून घ्यायचं.

१० एप्रिल १९६३ ला अमेरिकेची पाणबुडी 'थ्रेशर' बुडाली, १२९ माणसांसकट. संशय सर्वांत जास्त गेला तो इंजिनरूममधल्या खाऱ्या पाण्याच्या पाइपाच्या एका ब्रेझ केलेल्या जोडावर. बुडण्याआधी तिचे काही जोड तपासले होते, त्यातले चौदा टक्के कमी दर्जाचे निघाले होते, आणि बाकीचे तपासायचेच राहिले. त्यानंतर त्यांनी नियम केला, समुद्राला लागणाऱ्या प्रत्येक तुकड्याचा कागद हवा, माल कुठला, वेल्ड कुणी केला, तपासला कुणी. तू शंभर पानी वही घे आणि प्रत्येक भोकाला एक पान दे. ओ-रिंगचा साइज, बिल, डीपीचा फोटो, टेस्टची तारीख. 'थेटिस'ची गोष्टही त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. १ जून १९३९, लिव्हरपूलजवळ चाचणीला निघालेली नवीकोरी ब्रिटिश पाणबुडी. टॉर्पेडोच्या नळीत पाणी आहे का ते बघायला दारावर एक चिमुकला टेस्ट कॉक होता. तो उघडला, थेंबही आला नाही, म्हणून नळी रिकामी समजून दार उघडलं. नळीचं पुढचं तोंड समुद्राला उघडं होतं, आणि कॉकचं भोक रंगाने बुजलेलं होतं. ९९ जण गेले गं. रंगारी येण्याआधी प्रत्येक बारीक भोकात बूच मार, रंग वाळल्यावर बूच काढ, आणि पाणी सोडून ते खरंच वाहतंय ना बघ.

तुझ्या आईने मला दोनदा फोन केला. २०२३ च्या जूनमध्ये टायटॅनिक बघायला गेलेल्या 'टायटन' पाणबुडीची बातमी तिने टीव्हीवर पाहिलीय, पाचही माणसं गेली ते तिच्या डोळ्यांसमोरून जात नाही. तिला तू 'काही होत नाही' म्हणून गप्प करू नकोस. ते कार्बन फायबरचं शेल होतं, आणि कुठल्याही वर्गीकरण संस्थेकडून ते तपासून घेतलेलं नव्हतं. तुझं लोखंडी आहे, उथळ जाणारं आहे, आणि तू ते सर्व्हेअरला दाखवणार आहेस. हे तिला सांग, आणि मग टेस्ट तिच्यासमोर कर.

टेस्ट तीन. प्रत्येक ग्लँड, प्रत्येक व्हॉल्व्ह आधी एकटा तपासायचा. जाड पाइपाचा तुकडा घे, दोन्हीकडे फ्लँज लाव, आत पाणी भर आणि प्लंबर वापरतात त्या हातपंपाने साडेसात किलोपर्यंत ने. रात्रभर ठेव. दाब पाण्यानेच द्यायचा, हवेने अजिबात नाही, हवा दाबलेली असताना काही फुटलं तर ते बाँबसारखं उडतं.

मग सगळं जोडून झाल्यावर व्हॅक्यूम. हे तुला फार आवडेल बघ. हॅच लाव आणि एका व्हॉल्व्हमधून पंपाने आतली निम्मी हवा ओढून घे. बाहेरची हवा सगळ्या बाजूंनी शेलला दाबते, जणू ती पाच मीटर पाण्यात उभी आहे, आणि ही टेस्ट तू घरामागच्या शेडमध्येच करू शकतेस, एक थेंब पाणी न लागता. आत कुणी बसायचं नाही, मांजरसुद्धा नाही. गेजचा काटा बघत राहायचं. दुपारी पत्रा तापला की आतली हवा फुगते आणि काटा उगाच सरकतो, तुला वाटेल गळतंय. म्हणून रीडिंग पहाटे घ्यायचं, लागोपाठ दोन दिवस, एकाच वेळी.

आणि शेवटी रिकामी बुडवायची. क्रेनच्या दोराला बांधून, आत तुझ्या वजनाची वाळूची पोती ठेवून, तू जाणार त्याहून खोल. याला भित्रेपणा म्हणणारे भेटतील. चेन्नईच्या एनआयओटी या संस्थेने समुद्रयान मोहिमेसाठी केलेला लोखंडी गोळा पाचशे मीटरसाठी होता, तो त्यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये बंगालच्या उपसागरात सहाशे मीटरपर्यंत बुडवून बघितला, आत माणूस न बसवता. एवढे मोठे शास्त्रज्ञ असं करतात, तर आपण का नाही?

जागेचंही सांगते. मोहोन्याला उल्हास नदीत उतरवायचा विचार सोड. पाणी गढूळ, जलपर्णीचा गच्च थर, आणि तिथून अर्ध्या जिल्ह्याचं पिण्याचं पाणी उचललं जातं. कल्याणच्या खाडीत किंवा मालवणला जायचं तर मेरिटाइम बोर्ड, बंदर खातं, पोलीस, सगळ्यांची लेखी परवानगी आधी. न विचारता पाण्याखाली गेलेली अनोळखी वस्तू आपल्या किनाऱ्यावर कुणी हसण्यावारी नेत नाही. अर्ज मी लिहून देते. आणि कुणी म्हणालंच, की हे खूळ शहाडच्या पोरीला कुठून सुचलं, तर सांग की १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर महाराजांनी आपली पहिली गलबतं याच खाडीत बांधायला घेतली, आणि त्यांच्या खांदेरी किल्ल्याचं नाव घेतलेली पाणबुडी २०१९ मध्ये माझगाव डॉकमधून नौदलात गेली.

रविवारी ये. नवं ड्रॉइंग आण, भोकं दहाच्या आत आलेली मला दिसली पाहिजेत. वही आण, आणि येताना आईला घेऊन ये. गेज कसं वाचायचं ते मी तिला शिकवते, व्हॅक्यूमचं पहाटेचं रीडिंग तीच घेईल. साडेपाचला ती उठलेलीच असते.